ठोकळ्याला दावं

गयाबाईवर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या कोजागिरीला, सकाळी, ती दूध घालायला निघाली तेव्हा, नेकनूरच्या अलीकडच्या वळणावर. अन्याय एका दगडाने केला असं लोक म्हणाले. मी म्हणते, दगडाला पाय नसतात. तो रस्त्याच्या मधोमध चालत येत नाही. त्याला कुणीतरी आणतं, कुणीतरी ठेवतं, आणि बाकीचे सगळे त्याला वळसा घालून जातात. या सगळ्यांची नावं घ्यायची तर हा अंक पुरणार नाही, म्हणून एकाचंच घेते. बाकीच्यांनी आपापलं घ्यावं.

आधी गयाबाई कोण ते सांगते. नेकनूरजवळच्या वस्तीवर राहणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर. घरी ती, दोन म्हशी आणि एक मोपेड. मोपेडच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधायचे, पदर खोचायचा आणि निघायचं. कोजागिरीला दुधाची मागणी जास्त, म्हणून त्या दिवशी कॅन तोंडापर्यंत भरलेले. वळणावर दगड. समोरून जीप. गयाबाई दगडावर गेली, मोपेड एकीकडे, ती एकीकडे, आणि भरलेला कॅन तिच्या उजव्या मनगटावर.

लोक धावले. आपली माणसं वाईट नाहीत, धावतात. कुणी गयाबाईला उचललं, कुणी मोपेड उचलली, कुणी रिकामे कॅन उचलून झाडाखाली नीट लावून ठेवले. एकाने तर तिची चप्पलसुद्धा शोधून आणली. दगड मात्र कुणीच उचलला नाही. दुपारी मी तिथं गेले तेव्हा तो तसाच होता, अर्धा दुधाने पांढरा, आणि येणारी-जाणारी गाडी त्याला मान देऊन बाजूने जात होती. देवळातल्या देवाला इतकी प्रदक्षिणा मिळत नसेल.

आता मी तिथं का गेले? कारण हा माझा धंदा आहे. मांजरसुंब्याला, जिथं चारी बाजूंनी ट्रक येऊन चहाला थांबतात, तिथं तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकवर झाकायच्या ताडपत्र्या आम्ही शिवतो, दोरखंड विकतो. कॉलेजात असताना मी मोर्च्यांत घोषणा दिल्या, पत्रकं लिहिली. शिकून परत आले तेव्हा बघितलं, की इतके ट्रक दुकानापुढून जातात आणि एकाही ट्रकमध्ये संकटात हाताला येईल असं काही नसतं. अगरबत्ती असते, लिंबू-मिरची असते, आरशाला गोंडे असतात. पट्टी मागितली तर सीटखालचं फडकं निघतं, ऑइलने माखलेलं.

मग मी काय केलं? जे येत होतं तेच. पत्रक काढलं. मथळा, ‘ट्रकवाल्या दादा, जागा हो!’ ढाब्याढाब्यावर गठ्ठे दिले. आठवड्याने तात्या भजी घेऊन आले, ती माझ्याच पत्रकात बांधलेली.

“लोकं लई आवडीनं घेतेत तुझं पत्रक,” तात्या म्हणाले. “तेल चांगलं वढतं.”

त्या दिवशी मला कळलं की कागदाने ट्रक थांबत नाही. तात्यांच्या मशीनवर बसले आणि पिशवी शिवली.

पिशवीचं सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं त्यात काय एवढं. बाजारात पाठीला लावायच्या बॅगा मिळतात, वीस कप्प्यांच्या, वीस चेनच्या. आमच्या रस्त्यावरची धूळ एका उन्हाळ्यात त्या सगळ्या चेन गिळते. हात रक्ताने किंवा ऑइलने बरबटलेला असताना कोणत्या कप्प्यात काय, हे कुणाला आठवतं? म्हणून माझ्या पिशवीला चेन नाही. भगभगीत नारिंगी ताडपत्री, वरून एक मोठी झडप, एक जाड बक्कल. शिवण ताडपत्रीला घालतो तशीच, दुहेरी.

आणि पिशव्या दोन. एक उडीची, एक मुक्कामाची. उडीची म्हणजे ट्रकमधून उडी मारताना जी हाताला आली पाहिजे ती. ती ड्रायव्हरच्या सीटमागे, खांद्याच्या उंचीला. बाहेरच्या पेटीत नाही! ट्रक कलंडला की ती पेटी ट्रकखाली जाते. उडीच्या पिशवीत स्वच्छ कापडाच्या मोठ्या घड्या, कात्री, हातमोजे, बॅटरी आणि शिट्टी. बॅटरीतले सेल वेगळे, कारण आत ठेवले की गळतात आणि ऐन वेळी बॅटरी हातात काठीसारखी राहते. मुक्कामाची पिशवी मोठी. नदी पुलावरून वाहायला लागली, घाट तुंबला, की ट्रकवाला अडकून पडतो. तिच्यात पाण्याचा कॅन, फुटाणे-गूळ, चादर, मीठ-साखरेच्या पुड्या, दोर, उभा करायचा लाल त्रिकोण, आणि उभी गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे, बाभळीचे.

शिट्टीची अक्कल माझी नव्हे, हे कबूल करते. एकदा शहरातला एक साहेब मोठी गाडी घेऊन आला. जंगलात जगायचं सामान पाहिजे म्हणाला. कुऱ्हाड, चकमक, दिशा दाखवणारा काटा.

“काटा कावून?” तात्यांनी विचारलं. “चारी रस्त्यांना पाट्या हायेत की.”

मी हसले. पण जाता जाता तो म्हणाला, “ताई, तुमच्या पिशवीत शिट्टी नाही. अडकलेला माणूस ओरडून ओरडून थकतो. शिट्टी वाजवायला श्वास पुरतो.” मी हसायची थांबले. त्याच संध्याकाळी शिट्ट्यांचं पाकीट मागवलं. साहेब मात्र कुऱ्हाड घेऊन गेला आणि पाण्याचा कॅन दुकानात विसरला.

माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांतला एक उत्तममामा. सरकी पेंडीच्या भाड्यावर फिरणारा, मोठा आवाज, मऊ माणूस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला, दोन्ही पिशव्या घेतल्या. “पोरी, तू म्हंतीस तर घेतो,” म्हणाला. मला वाटलं, जिंकले.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी तो दोर न्यायला दुकानात आला होता आणि सहज बोलून गेला की नेकनूरच्या अलीकडं पंक्चर झालती. दुसऱ्या दिवशी गयाबाईची बातमी आली. मी दगड नुसता बघून आले, उचलायचं मलाही सुचलं नाही, आणि थेट ढाब्यावर गेले. उत्तममामा बाजेवर जेवायला बसला होता.

“मामा, पंक्चर झालती तवा चाकाला काय लावलंतं?”

“दगूड. दुसरं काय लावत्यात?”

“आणि निघताना?”

मामा भाकरी मोडता मोडता थांबला. “का गं?”

“त्या दगडावर बाई पडली सकाळी. हात मोडला.”

त्याने ताट बाजूला सारलं. मी त्याच्या ट्रकवर चढले. आणि मला जे दिसलं त्याने माझं डोकं फिरलं. सीटमागे माझ्या दोन्ही पिशव्या होत्या. झेंडूचा हार घातलेल्या. हळद-कुंकू लावलेल्या. बक्कलभोवती लाल धागा सात वेढ्यांनी गुंडाळलेला. आणि वरून पारदर्शक प्लास्टिक, दुकानातून नेलं तसंच.

“मामा, हे काय?”

“दसऱ्याला पूजा केली. नवी वस्तू हाय.”

“मग उघडल्या कावून न्हाईत?”

“पूजेचा धागा कसा तोडायचा? आणि ठोकळा कसा कोराकरकरीत. त्याला डांबर लागलं असतं बे.”

गडबडीत तो मला गड्याला म्हणावं तसं ‘बे’ म्हणाला, हेही त्याला कळलं नाही. माझ्याही तेव्हा नाही लक्षात आलं. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही हसाल, पण तुमच्या घरातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलंय का? टीव्हीच्या रिमोटचं? आपण नवी वस्तू वापरत नाही, जपतो. पाहुण्यांच्या कपबश्या कपाटात आणि आपण फुटक्या कानाच्या कपात. हे घरात चालतं. रस्त्यावर या जपण्याने बाईचा हात जातो. दगड फुकटचा, म्हणून वापरला आणि टाकून दिला. ठोकळा मोलाचा, म्हणून देव झाला.

“चला,” मी म्हणाले.

“कुठं?”

“अंबाजोगाईला. तिला तिथं ठेवलंय.”

मला वाटलं होतं, तो कारणं सांगेल. तो आधी वळणावर गेला. तो दगड उचलून ट्रकमध्ये ठेवला, आणि मग गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला घातली. दवाखान्यात बिस्किटाचा पुडा घेऊन तो गयाबाईच्या पायथ्याशी उभा राहिला. तिचा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

“बाई, त्यो दगूड माजा व्हता.”

गयाबाईने त्याला खालून वर बघितलं. “एवढ्या मोठ्या गाडीत दगडाला जागा न्हवती व्हय?”

मामाने मान खाली घातली. हात खिशाकडे गेला.

“खिशात हात घालू नगंस,” गयाबाई म्हणाली. “डॉक्टर म्हंतेत, हाड जुळंल, पण मूठ वळंल का न्हाई ते सांगता येत न्हाई. मूठ न्हाई वळली तर धार कशी काढू? म्हशी इकून टाकू? तुझे दोन्ही हात धड हायेत न्हवं? मग ते घिऊन ये वस्तीवर. माजा हात बरा व्हईस्तोवर धार तू काढायची.”

“मला न्हाई येत बाई.”

“मला तरी कुटं येत व्हतं दगडावर पडायला.”

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भाड्यावर नसेल तेव्हा उत्तममामा पहाटे वस्तीवर हजर. तो नसेल तेव्हा शेजारीण, पण शेजारणीला त्याने स्वतः जाऊन विनवलेलं. गयाबाई बाजेवर, हात गळ्यात बांधलेला, आणि तोंड मोकळं. मोठी म्हैस मैना. परका हात लागला की पान्हा चोरायची. चौदा चाकांचा ट्रक घाटातून उतरवणारा माणूस तिच्यापुढे घामाघूम.

“वढू नगं! गियर हाय का ते?”

“मग काय करू?”

“दाब. हळू. अंगठा आत घाल. हॉर्न वाजवल्यावानी न्हाई, येड्या!”

मैनाने लाथ मारली, बादली उडाली. शेवटी गयाबाईने तिचं जुनं लुगडं त्याच्या अंगावर टाकायला लावलं. वास मालकिणीचा पाहिजे, म्हणाली. मिशीवाला उत्तममामा लुगडं पांघरून म्हशीखाली उकिडवा, आणि मैनाने एकदाचा पान्हा सोडला. मी फोटो काढायला गेले तर तो गुरगुरला, “फोटू काढलास तर पिशव्या परत आणून देईन.”

बसायला त्याने काय घेतलं होतं माहीत आहे? तोच दगड. गयाबाईनेच गोठ्यात ठेवायला सांगितला होता. “बसायला बरा हाय,” म्हणाली. “आणि डोळ्यापुढं राह्यला म्हंजी ह्याला इसर पडत न्हाई.”

त्याच गोठ्यात ती अक्कल सुचली, जी माझ्या कुठल्याही पत्रकात सुचली नव्हती. धार काढून झाल्यावर मामा रेडकाला खुंट्याला बांधत होता. बांधता बांधता थांबला.

“पोरी, रेडकू हरवत न्हाई कावून?”

“दावं असतं म्हणून.”

“मग ठोकळ्याला दावं लाव की. एक टोक ठोकळ्याला, दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला. दार उघडायचं म्हणलं की दावं हातात येणार. ठोकळा काढल्याबिगर माणूस गाडीत बसणारच न्हाई.”

दगडाला कुणी दावं बांधत नाही. म्हणून दगड मागे राहतो. इतकं साधं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ठोकळ्याला भोक पाडून दावं ओवलेलं असतं, चांगलं लांब, पिवळ्या रंगाचं.

आणि दुसरी पद्धत मी पाडली. आता मी पिशवी कोरी विकत नाही. बाटवून विकते. गिऱ्हाइकासमोर प्लास्टिक फाडते आणि फेकून देते. ठोकळा दुकानापुढच्या चिखलात घालते, वरून काळं ऑइल पुसते. कापडाची एक घडी उलगडते. मग ड्रायव्हरलाच लावते कामाला. त्रिकोण उभा कर. सेल घाल. शिट्टी वाजव. चाकाला ठोकळा लाव, दावं बांध, काढ. हे सगळं करून झालं की मगच पिशवी त्याची.

“जुना माल देती काय गं?” लोक भांडतात.

“व्हय,” तात्या आतून म्हणतात. “नवा पायजे असंल तर दगूड घ्या, लई पडलेत रस्त्यावर.”

पूजेला माझी ना नाही. दसऱ्याला खुशाल करा. फक्त वापरलेल्या ठोकळ्याची करा. अंगावर चाकाचे वळ असलेल्या. तो खरा शस्त्रपूजेच्या लायकीचा.

गयाबाईचं प्लास्टर निघालं तेव्हा मी आणि मामा दोघंही तिच्यासोबत होतो. हात बारीक, पांढरट, कातडी सुटलेली. डॉक्टर म्हणाले, मूठ वळवा. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. गयाबाईने पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला. बोटं तिथंच. तिने डाव्या हाताने ती बोटं दाबून मिटवून बघितली. मामा खिडकीतून बाहेर बघत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते तिने घरी इमानाने केलं. ओलं फडकं पिळायचं. कणकेचा गोळा दाबायचा. पहिल्या दिवसांत फडक्यातून एक थेंब पडत नव्हता. मामा भाड्यावरून फोन करायचा, “पडला का थेंब?” आणि ती शिव्या घालायची. मग एके दिवशी तिनेच मला फोन केला. बोलली नाही. फोन बादलीजवळ धरला. पितळेच्या बादलीत धारेचा आवाज येत होता, आधी बारीक, मग जोरात. मी दुकानात मशीनवर बसले होते. मशीन थांबवली आणि तो आवाज तात्यांनाही ऐकवला. तात्या म्हणाले, “च्या टाक. दूध येतंय.”

यंदाच्या श्रावणातली एक गोष्ट सांगून थांबते. नेकनूरच्या बाजूला दोन पिशव्या पोचवायच्या होत्या. गयाबाई मांजरसुंब्याला दूध घालून उरलेलं नेकनूरला घालायला निघाली होती, तिच्याच मोपेडवर मी मागे बसले, पिशव्या मांडीवर. भुरभुर पाऊस. वळणाच्या बऱ्याच अलीकडे रस्त्यावर लाल त्रिकोण दिसला. गयाबाईने ब्रेक दाबला, त्याच हाताने, आणि हळूहळू पुढे गेलो. वळणापलीकडे उत्तममामाचा ट्रक, मामा चाकाशी.

गयाबाईने मोपेड लावली, ट्रकच्या मागच्या चाकाकडे गेली आणि ठोकळ्यावर पाय मारून बघितला.

“दावं बांधलंस का?”

“तुज्या म्हशीच्या पुडं शिकलोय, बांधलंय.”

“मैना सुदीक तुज्यापरीस लौकर शिकती.”

चाक बसलं. मामाने त्रिकोण आणून आत ठेवला, दाराला हात घातला, दावं हातात आलं. तो वाकला, दोन्ही ठोकळे काढले, दाव्यासकट आत टाकले आणि गेला. मागे रस्ता ओला आणि रिकामा. मी त्या रिकाम्या रस्त्याकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. कुणाला त्यात बघण्यासारखं काही दिसणार नाही. माझी सगळी कमाई तेवढीच होती.

थोडं पुढे गेलो आणि दुसऱ्या कुणाचा तरी दगड. गयाबाईने काही विचार केला नाही. मोपेड थांबवली, उतरली, उजव्या हाताने दगड उचलला, नालीपलीकडे टाकला, हात पदराला पुसला आणि परत बसली. “चल,” म्हणाली. “दूध नासंल.”

तेव्हा आता तुम्हाला विचारते, हा अंक हातात धरून बसलेल्यांना. तुमच्या रोजच्या वाटेवर एक दगड आहे. तुम्हाला तो माहीत आहे. कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूला, हेही माहीत आहे, कारण रोज न चुकता तुम्ही त्याला वळसा घालता. तो अजून तिथंच आहे. अंक खाली ठेवा, जा आणि तो उचला.